आप्पा आणि सात डोलकाठ्यांचं जहाज

“या माणसाला जहाजातलं काही कळत नाही,” असं म्हणून आप्पांनी पुस्तक टेबलावर उपडं ठेवलं आणि चहाची वाट बघत बसले.

‘हा माणूस’ म्हणजे त्या पुस्तकाचा लेखक. कुठल्यातरी थंड देशात राहणारा, नुसत्या कल्पनेतून अख्खं जग उभं करणारा, तिकडे बराच गाजलेला. त्याच्या जाडजूड इंग्रजी कादंबरीचं मराठी भाषांतर करायचं काम मी घेतलं होतं. आणि आप्पा म्हणजे माझे वडील, नामपूरच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. आई गेल्यावर ते तिकडे एकटेच राहत होते. मग एकदा बाथरूममध्ये घसरून पडले, शेजाऱ्यांनी दार तोडून बाहेर काढलं, आणि मी त्यांना नाशिकला आमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये घेऊन आले. आप्पांनी समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला होता. शाळेची सहल घेऊन गेले होते तेव्हा, आणि तोही सगळा वेळ पोरं पाण्यातून बाहेर ओढण्यात गेला होता.

“तुम्हाला कळतं का जहाजातलं?” मी विचारलं.

“मला इंग्रजी कळतं. पहिल्या प्रकरणात जहाजाला सात डोलकाठ्या आहेत. वादळात एक मोडली, समुद्रात पडली, तिच्याखाली दोन माणसं गेली. आता पुढे वाच. पुन्हा सात. सातवी कुठून आली?”

मी पोळपाट बाजूला सारून पुस्तक पाहिलं. खरंच सात होत्या.

“ही चूक आपण दुरुस्त करायची,” आप्पा म्हणाले.

“आपण?”

“म्हणजे तू.”

मूळ लेखकाने सात लिहिल्या तर मलाही सातच लिहाव्या लागतात, भाषांतर करणाऱ्याला डोलकाठ्या कमी-जास्त करता येत नाहीत, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ते एखाद्या ढ विद्यार्थ्याची सबब ऐकावी तसं ऐकून घेतलं. माझ्या डोक्याला ताप तिथून सुरू झाला.

त्या कादंबरीतलं जग असं होतं: चहूकडे समुद्र, जमीन जवळजवळ नाहीच. कुठे एखादं बेट, तेही खडकाळ. माणसं जहाजांवर जन्मतात, लग्नं करतात, म्हातारी होतात. एकेक जहाज गावाएवढं. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला राहणाऱ्यांची बोली वेगळी, मागच्यांची वेगळी. मधल्या भागात मातीचे वाफे, शेळ्या, कोंबड्या, पावसाचं पाणी साठवायच्या लाकडी टाक्या. शिडं इतकी अवाढव्य की आवाज पोहोचत नाही म्हणून हुकूम नगाऱ्यावर वाजवून द्यायचे. आणि एक कडक नियम: जहाजाने कधीही थांबायचं नाही. थांबलेलं जहाज वाऱ्याच्या मनातून उतरतं, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. त्या जगाला दोन चंद्र होते.

वाचायला मला हे सगळं फार आवडलं होतं. मराठीत आणायला बसले तेव्हा रडू यायची पाळी आली. पहिल्याच पानावर लेखकाने पंधरा-वीस दोरांची नावं एका दमात घेतली होती. मी नाशिकची बाई. मला कपडे वाळत घालायची दोरी माहीत, रहाटाची माहीत, फार तर बैलाची वेसण. पुण्याच्या संपादकबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, “सोपं करा हो. सगळीकडे दोर म्हणा. वाचकाला काय फरक पडतो?”

हे आप्पांनी ऐकलं. फोन स्पीकरवर होता ही माझीच चूक.

“सगळीकडे दोर?” ते म्हणाले. “उद्या सगळ्या नातेवाइकांना ‘माणूस’ म्हण.”

दुसऱ्या दिवसापासून सकाळी आंघोळ करून, शर्टाच्या खिशाला पेन लावून ते माझ्या कामाच्या टेबलासमोर खुर्ची टाकून बसायला लागले. त्यांचा एक जुना विद्यार्थी जनावरांचा डॉक्टर होऊन कोकणात किनाऱ्यालगत नोकरीला होता. आप्पांनी त्याला गाठलं. तो बिचारा गोठ्यात म्हशीला इंजेक्शन देत असायचा आणि इकडून आप्पा ओरडायचे, “आडव्या लाकडाला काय म्हणतात? ज्याला शीड बांधतात ते!”

“सर, आता सगळ्या इंजिनाच्या होड्या. शिडं कोण लावतो? पण विचारून सांगतो.”

तो खरंच विचारून सांगायचा. आडव्या लाकडाला परबाण, शिडाचं खालचं टोक ताणून धरणाऱ्या दोराला दामण. मला आनंद झाला, मी ते शब्द लिहून टाकले. चार दिवसांनी त्याचा पुन्हा फोन आला की पलीकडच्या गावातले लोक दुसराच शब्द वापरतात, आणि खाडीच्या पल्याड तिसरा. आप्पांनी तिन्ही शब्द उतरवून घेतले आणि कुठला खरा यावर माझ्याशी वाद घालायला बसले.

“आप्पा, मला कुठलाही चालेल.”

“तुला चालेल. जहाजाला चालायला पाहिजे ना.”

माझा नवरा सातपूरला कारखान्यात आहे. तो सकाळी डबा घेऊन निघताना आमच्याकडे बघायचा, हळूच हसायचा आणि जायचा. त्या दिवसांत मला त्याच्या नोकरीचा फार हेवा वाटे.

शब्दांचं कसंबसं भागलं, तर वाऱ्याचं निघालं. कादंबरीत एका लढाईत आपलं जहाज वाऱ्याच्या तोंडावर चालून जातं. आप्पांना ते पटेना. वारा समोरून येतोय तर जहाज मागे जाईल, पुढे कसं जाईल? मी सांगितलं की ते सरळ जात नाही, तिरकं जातं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, नागमोडी. मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. ते म्हणाले, मोबाईलवर काहीही दाखवतात.

एके दुपारी मी बँकेतून घरी आले तर माझी कामाची खुर्ची जाग्यावर नव्हती. चाकांची, गोल फिरणारी, पाठदुखीमुळे डॉक्टरांच्या सांगण्यावरून घेतलेली खुर्ची. आप्पाही नव्हते. तेवढ्यात बेल वाजली. दारात आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीबाई उभ्या होत्या.

“तुमचे वडील गच्चीवर आहेत,” त्या म्हणाल्या. “बोट चालवतायत.”

मी धावत वर गेले. आप्पा माझ्या खुर्चीवर बसले होते. पायांच्या मधे पडद्याचा दांडा उभा धरला होता, त्याला आडवा झाडू बांधला होता आणि झाडूला आमची डबल बेडची चादर. खालच्या टोकाला बांधलेली सुतळी त्यांच्या हातात होती. वारा भरला की चादर फुगायची आणि आप्पा गच्चीवरून खडखडत सरकायचे. पाण्याच्या टाकीपाशी पोहोचले की पायाने खुर्ची ढकलत परत यायचे. बाथरूममध्ये पडल्यामुळे ज्यांना मी नामपूरहून आणलं, ते हे.

“आप्पा, उतरा!”

“थांब. मागून वारा असला की जातंय. आता तिरकं करून बघतो.”

त्यांनी दांडा तिरका केला. खुर्चीची चाकं चारी दिशांना फिरणारी. ती कशाला तिरकी जाते? ती स्वतःभोवती अर्धी गिरकी घेऊन सरळ सेक्रेटरीबाईंच्या कुरडयांवर गेली. प्लास्टिकच्या कागदावर ओळीने घातलेल्या, जेमतेम वाळत आलेल्या कुरडया चाकांखाली कडकड मोडल्या. चादर आप्पांच्या तोंडावर येऊन पडली. आतून आवाज आला, “नाही जात. मी म्हटलं नव्हतं?”

कुरडयांची भरपाई म्हणून मी सेक्रेटरीबाईंकडे एक दिवस चीक घोटायला गेले. गव्हाचा चीक घोटता घोटता हात भरून आले, आणि त्या विचारत होत्या, “तुमच्या पुस्तकात बायका असतात का हो जहाजावर? मग वाळवणं कुठे घालतात?” मी म्हटलं, माहीत नाही. घरी येऊन हे बोलण्याची चूक केली, तर आप्पांनी ताबडतोब पुस्तक उघडून वाळवण शोधायला घेतलं.

मधल्या काळात संपादकबाईंनी डोलकाठीची चूक लेखकाला कळवली होती. आप्पांनी माझ्यामागे तगादा लावला, मी बाईंच्या मागे लावला, असं करत ते तिकडे पोहोचलं. लेखकाचं उत्तर फार सज्जन होतं. इतक्या वर्षांत हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, नव्या आवृत्तीत सुधारतो, तुम्ही मराठीत सहा करा, आणि तुमच्या वाचकाला माझे आभार कळवा. मला वाटलं, आता आप्पांचं समाधान होईल.

आप्पांनी मेल दोनदा वाचली. “आणि दोन चंद्रांच्या भरती-ओहोटीचं काय म्हणाला?”

“ते मी विचारलंच नाही.”

“का?”

मी उठून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

मालेगावला जायचं खूळही त्यांचंच. लेखकाने लिहिलं होतं की मुख्य डोलकाठीचं शीड एकसंध कापडाचं होतं, त्याला एकही शिवण नव्हती. आप्पा म्हणाले, एवढ्या पन्ह्याचं कापड कुठल्या मागावर निघेल? कापडाला पन्हा असतो, रुंदी असते, ती मागाएवढीच असणार. त्यांचा आणखी एक विद्यार्थी मालेगावात यंत्रमाग चालवत होता. त्याला विचारू. फोनवर विचारा म्हटलं तर म्हणाले, मागाच्या आवाजात त्याला फोन ऐकू येत नाही. शेवटी एका रविवारी मीच गाडी काढली. चांदवडचा घाट उतरून हायवेने जाताना सगळा वेळ ते मला कापड विणण्याबद्दल सांगत होते आणि मी मनातल्या मनात प्रकाशकाला द्यायच्या सबबी जुळवत होते.

विद्यार्थी आता पन्नाशीचा होता. दाढी पिकलेली, बनियनवर कापसाचा भुगा. सरांना बघून त्याने माग बंद करायला लावले, खुर्च्या पुसल्या, चहा मागवला. आप्पांनी शिडाचं सगळं वर्णन केलं. लांबी सांगितली, रुंदी सांगितली. तो गंभीरपणे ऐकत होता.

“सर, इतना पन्हा तो किसी लूम पे नहीं निकलेगा,” तो म्हणाला. “पट्टे बुनो, फिर जोडके सिलाई मारो. सबसे मजबूत वही रहेगा.”

“बघ!” आप्पा माझ्याकडे वळले.

“लेकिन सर, ये जहाज है किधर? मुंबई में?”

“कहीं नहीं है,” आप्पा म्हणाले. “किताब में है.”

त्याने चहाचा कप सरांपुढे सरकवला. मग अगदी नम्रपणे म्हणाला, “किताब में है तो फिर जितना चाहे उतना पन्हा लिख दो ना, सर. कौन नापने आ रहा है?”

मला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. आप्पा परतीच्या वाटेवर चांदवडपर्यंत बोलले नाहीत. तेवढा रस्ता मला फार सुखाचा गेला.

हे सगळं मी आता हसत सांगते आहे, पण तेव्हा माझा जीव मेटाकुटीला आला होता. काम मागे पडलं होतं. संपादकबाईंच्या आवाजातला गोडवा आटत चालला होता. आणि अशात ते प्रकरण आलं.

आप्पा नेहमी माझ्यापुढे चार-सहा प्रकरणं असायचे. एका सकाळी ते टेबलाशी आले नाहीत. आपल्या खोलीत खिडकीकडे तोंड करून बसले होते. दुपारी जेवताना म्हणाले, “ते तेरावं प्रकरण गाळ.”

“का?”

“कथेला त्याची गरज नाही.”

मी ते प्रकरण काढून वाचलं. जहाजाचा म्हातारा सारंग, म्हणजे जहाज चालवणारा मुख्य माणूस, ज्याने आयुष्यभर वारा नुसता गालावर घेऊन दिशा सांगितली, त्याला आता डोलकाठीवर चढता येत नाही. जहाजाचा रिवाज असा की ज्याला चढता येत नाही त्याने जहाजावर राहायचं नाही. वाटेत बेट लागतं तेव्हा छोटी होडी पाण्यात सोडतात, म्हाताऱ्याला पाणी, धान्य, पांघरूण देऊन बेटावर नेतात आणि होडी परत येते. जहाज थांबत नाही. त्याच्या जागी आता त्याची मुलगी सारंग आहे. हुकुमाचा नगारा तीच वाजवते. ती रडत नाही, तोही काही बोलत नाही. फक्त होडीत बसण्यापूर्वी तो तिला सांगतो की संध्याकाळी वारा फिरेल, शिडं आधीच आवर.

मी पुस्तक मिटलं आणि आप्पांकडे गेले.

“हे प्रकरण गाळलं तर पुढचं काहीच कळणार नाही. ती मुलगी पुढे सगळी कादंबरीभर तेच मनात घेऊन फिरते.”

“मग बदल. त्याला जहाजावरच मरू दे. चांगलं होईल.”

“मला बदलता येत नाही, आप्पा. किती वेळा सांगू?”

“डोलकाठी बदललीस ना?”

“ती लेखकाने बदलली!”

“मग त्याला विचार.”

मी विचारलं नाही. त्याचं पुस्तक, त्याचा म्हातारा. मी प्रकरण भाषांतराला घेतलं आणि ते काही केल्या जमेना. दोन दिवसांनी संपादकबाईंचा फोन आला. आवाज अवघडलेला.

“अहो, तुमच्या वडिलांचा फोन होता मला. तेरावं प्रकरण मराठी वाचकांना रुचणार नाही म्हणाले. तुमचंही तेच मत आहे म्हणाले. तसं आहे का?”

वीस वर्षं मी हे काम करते. एक एक पान करत लोकांचा विश्वास मिळवला. मी बाईंची माफी मागितली, फोन ठेवला आणि आप्पांच्या खोलीत जाऊन उभी राहिले.

“माझ्या नावाने खोटं बोललात तुम्ही.”

“खोटं काय? तुलाही ते जमत नाहीये. मला दिसतंय.”

“जमत नाहीये ते तुमच्यामुळे! सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यावर बसता. शब्द, वारा, कापड, चंद्र! माझं काम आहे हे, शाळेतला पेपर नाही तपासायला. आणि त्या म्हाताऱ्याचं तुम्हाला एवढं काय लागलं? मी काय तुम्हाला बेटावर नेऊन सोडलं?”

आप्पा चिडले की त्यांची प्रमाण मराठी सुटते आणि नामपूरची अहिराणी बाहेर येते. पण त्या वेळी ते अगदी शुद्ध बोलले.

“सोडलं नाहीस,” ते म्हणाले. “आणून ठेवलंस.”

मी या घरात त्यांच्यासाठी काय काय केलं ते सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. गरम पाण्याचा नळ, कमी मिठाचा वेगळा स्वयंपाक, डोळ्यांचे डॉक्टर. रागाने दार आपटून मी बाहेर पडले आणि आनंदवल्लीपर्यंत चालत गेले, उगाचच. परत आले तेव्हा ते जेवून झोपले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी आणायला खाली उतरले आणि वर आले तर त्यांची पिशवी नव्हती. मोबाईल टेबलावर ठेवून गेले होते. वॉचमनने सांगितलं, “बाबा रिक्षाने गेले. सीबीएस म्हणाले रिक्षावाल्याला.” म्हणजे एसटी स्टँड. म्हणजे नामपूर.

मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “जाऊ दे ना दोन दिवस, त्यांचंच घर आहे.” मी त्याला नको ते बोलले आणि गाडी काढली. देवळा, सटाणा, नामपूर. सबंध रस्ताभर मी त्यांच्याशी भांडत होते, गाडीत एकटीच, मोठमोठ्याने. शाळेसमोरच्या घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, “सर? ते दुकानावर बसले असतील.”

दुकान म्हणजे त्यांच्या बालमित्राचं खता-बियाण्यांचं दुकान. मार्केटचा दिवस होता. बाहेर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग, धुरळा, उग्र वास. लिलावाची वाट बघणारे पाच-सहा जण दुकानाच्या ओट्यावर युरियाच्या गोण्यांवर बसले होते आणि मधे खुर्चीवर आप्पा. माझ्याकडे त्यांची पाठ होती. ते गोष्ट सांगत होते. अहिराणीत. गावाएवढं जहाज, सहा डोलकाठ्या, वाफ्यांतली भाजी, नगारा. मी लहान असताना ते असे बोलायचे. नाशिकला आल्यापासून मी त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं.

ते तेराव्या प्रकरणापर्यंत आले होते.

“मंग? म्हताराले बेटवर उतारी दिनं?” मुंडासं बांधलेल्या एका शेतकऱ्याने विचारलं.

“उतारी दिनं,” आप्पा म्हणाले.

“आनि पोर काहीच नही बोलनी?”

“नही बोलनी.”

“हाई काय न्याय व्हयना रे?” दुकानदार मित्र गल्ल्यावरून ओरडला. “बदली टाक ते! जहाजवरच राहू दे त्याले!”

मी कान टवकारले.

“बदलता येत नही,” आप्पा ठामपणे म्हणाले. “लेखकनी लिखेल शे. लिखेल शे तसंच सांगनं पडस.”

मला संताप इतका आला की मी तिथेच रस्त्यात उभी राहून म्हणाले, “अच्छा! मग मला महिनाभर का छळलंत?”

सगळे वळले. आप्पाही. ते ओशाळले वगैरे अजिबात नाहीत. म्हणाले, “आलीस? बस. यांना दोन चंद्रांचं समजावून सांग, माझ्याच्याने होत नाहीये.”

कुणीतरी माझ्यासाठी गोणी झटकली. चहा आला. मी बसले. माझ्या डोक्यात तेवढा एकच शब्द फिरत होता: उतारी दिनं. इतके दिवस त्या इंग्रजी क्रियापदासाठी मी ‘सोडून दिलं’ लिहीत होते, खोडत होते, ‘ठेवून दिलं’ लिहीत होते, खोडत होते. ‘सोडून दिलं’ म्हटलं की मुलगी दुष्ट होते. ‘पोहोचवलं’ म्हटलं की ती ढोंगी होते. ‘उतरवून दिलं’. एसटीतून एखाद्याला त्याच्या गावाच्या फाट्यावर उतरवून देतात तसं. गाडी पुढे जाते, उतरलेला माणूस पिशवी सावरत उभा असतो. त्यात क्रूरपणाही आहे आणि काळजीही.

मी हे आप्पांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी त्यावर पुन्हा चर्चा काढली असती.

संध्याकाळी घरी भांडण झालंच. ते म्हणाले, मी इथेच राहणार. मी म्हटलं, पडलात तर? ते म्हणाले, माणूस नाशिकलाही पडतो. मी म्हटलं, खाणार काय? शेजारीण दारातून म्हणाली, “माझ्याकडे दोन पोळ्या जास्त होतात का काय, ताई? डबा देईन मी.” जणू सगळं आधीच ठरलं होतं. बहुतेक ठरलंच होतं.

मी तिथे राहून बाथरूममध्ये स्टीलचे दांडे बसवून घेतले. खरखरीत फरश्या लावल्या. प्लंबर दोन तासांच्या कामाला अख्खा दिवस लावत होता, कारण आप्पा त्याला जहाजावर पिण्याचं पाणी कसं साठवतात ते सांगत होते आणि तो टाकीला ओव्हरफ्लो कुठून दिलाय ते विचारत होता. मी दोघांवरही ओरडले. निघताना आप्पांनी फक्त एवढंच म्हटलं, “सटाण्याच्या पुढे रस्त्याचं काम चालू आहे, बाई. हळू जा.”

घरी येऊन मी ते प्रकरण एका बैठकीत पुरं केलं. टेबलासमोरची त्यांची खुर्ची रिकामी होती. घर इतकं शांत होतं की मला काम सुचेनासं झालं, आणि त्याचाही मला रागच आला.

पुस्तक निघून आता बरेच दिवस झाले. बऱ्यापैकी खपतंय असं बाई म्हणतात. आप्पांनी मराठी प्रत लाल पेनने तपासून पाठवली. मी ती उघडलेली नाही. ते नाशिकला डोळे दाखवायला येतात, दोन दिवस राहतात, तिसऱ्या दिवशी एसटीची चौकशी करायला लागतात.

परवा त्यांच्या दुकानदार मित्राचा मला फोन आला.

“ताई, तुमच्या आप्पाला काही सांगा. रोज दुकानावर येऊन बसतो. आम्ही म्हणतो, त्या बेटावरच्या म्हाताऱ्याचं पुढे काय झालं ते सांग. तर म्हणतो, दुसरा भाग लेखकाने अजून लिहिला नाही, मला काय माहीत. आम्ही म्हणतो, मग तूच जुळव काहीतरी. तर नाही म्हणतो! लेखकाचा अधिकार आहे म्हणतो! जीव खाल्ला आमचा या माणसाने.”

“मला काय सांगता, काका,” मी म्हटलं.

“तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं?” तो कळवळून म्हणाला. “गिऱ्हाईक बी घ्यायला येतं आणि त्या म्हाताऱ्याला रोज पाणी मिळतं का ते विचारत बसतं.”

मागून आप्पांचा आवाज येत होता. ते कुणाला तरी सांगत होते की बेटावर पाऊस पडतो, सातव्या प्रकरणात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे, नीट वाचा.